मुतखड्याची फाईल

मुतखड्याचा पेशंट कॅज्युअल्टीच्या दारातच ओळखू येतो. अपेंडिक्स पिकलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, कारण हललं की दुखतं. मुतखड्याचा माणूस एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, कमरेवर हात दाबून भिंतीला टेकतो, पुन्हा येरझाऱ्या घालायला लागतो. "मामा, टेका की जरा खुर्चीवर," म्हटलं तर "बसवत न्हाई रं बाबा," एवढंच उत्तर येतं, आणि तेवढ्यात उलटी होते. उन्हाळा तापला की जत, आटपाडी, कवठे महांकाळकडून आणि पलीकडच्या अथणी-रायबागकडून मिरजेला येणाऱ्या अशा पेशंटांची भर पडते. तिकडची मंडळी कन्नडमध्ये 'कल्लू' म्हणतात, आपण खडा म्हणतो. दगड तो दगडच. उन्हात राबणाऱ्या माणसाचं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट आणि गडद पिवळी होते, आणि तशा लघवीत क्षारांचे कण एकमेकांना धरून बसतात.

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं. सतारींसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हापासून दवाखान्यांचंही झालं. इथल्या स्टेशनबाहेर एक्स-रेची मोठी पिशवी हातात घेतलेली माणसं कुठल्याही वेळेला दिसतात. पिशवीतले कागद मात्र बहुतेकांनी उघडून वाचलेले नसतात. आम्ही रोज अशा फाईली चाळणारी माणसं. मुतखड्याची फाईल ही सगळ्यांत वाचनीय, कारण तिच्यात पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत खड्याचा प्रवास ओळीने लिहिलेला असतो. आणि या आजारात माणूस फसतो तो दुखताना नाही, तर दुखायचं थांबल्यावर.

पहिला कागद कॅज्युअल्टीचा. त्यावर घाईघाईत लिहिलेलं असतं, 'लॉइन टू ग्रॉइन पेन'. लॉइन म्हणजे बरगडीखालची कूस, ग्रॉइन म्हणजे जांघ. कुशीतून निघालेली कळ ओटीपोटावरून जांघेत, पुरुषांना वृषणात आणि बायकांना योनीच्या बाजूला उतरते. खडा वरती असताना जांघ का दुखावी, हे कोडं पेशंटला पडतं. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या वेदना ज्या मज्जारज्जूच्या पातळीवर पोचतात, तिथेच जांघेच्या कातडीच्या वेदनाही पोचतात. मेंदूला फरक कळत नाही. त्याच कागदावर 'रीनल अँगल टेंडरनेस' लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याशी शेवटची बरगडी जिथे मिळते त्या कोपऱ्यात हलकेच ठोकून पाहिलेलं असतं.

उजव्या कुशीत दुखत असेल तर अपेंडिक्स आणि पित्ताशय आधी मनात येतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला असं दुखत असेल तर लघवीची गर्भचाचणी करूनच पुढचा कागद निघतो. गर्भ नळीत राहिला असेल तरी अशीच कळ येते, आणि गर्भ असेल तर सीटी टाळायचा असतो. साठीपुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच 'मुतखड्याची कळ' आली, तर अनुभवी डॉक्टर पोटातली मोठी धमनी फुगलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय राहत नाहीत.

मग इंजेक्शन. बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूत. हे नुसतं दुखणं दाबत नाही. खडा अडकला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात, ती मूत्रपिंडाकडे रक्त जास्त खेचतात, लघवी जास्त तयार होते आणि अडलेल्या जागेमागचा दाब आणखी चढतो. डायक्लोफिनॅक ही साखळीच तोडतं. पण त्याच कारणाने ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतं. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, आधीच वाढलेलं असेल, एकच किडनी काम करत असेल, पोटात अल्सर असेल, तर ते चालत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी "किडनीचा काही त्रास? ॲसिडिटीला रक्त पडलं होतं का?" असं विचारतात. तिथं "काय न्हाई, मारा लवकर" असं सांगून मोकळं होऊ नये. आणखी एक गैरसमज इथेच होतो. कळ चालू असताना नातेवाईक पेशंटला तांब्यावर तांब्या पाणी पाजतात, सलाईन जोरात सोडायला सांगतात, म्हणजे 'खडा ढकलला जाईल'. बंद दारावर मागून लोंढा सोडण्यातला हा प्रकार. दाब वाढतो, कळ वाढते, खडा आहे तिथेच राहतो. उलट्यांनी सुकलेल्याला लागेल तेवढंच सलाईन पुरतं.

अर्ध्या-पाऊण तासात कळ उतरते. आणि इथं पहिली चूक होते. "बरं वाटतंय, जातो आता" म्हणून माणूस इंजेक्शनच्या बिलावर घरी जातो.

खडा कुठे आहे हे कळण्यापुरती शरीररचना इथं सांगायला हवी. मूत्रपिंडं दोन, पोटाच्या पिशवीच्या मागे, पाठीच्या बाजूला, मणक्याच्या दोन्ही अंगांना. मोठ्या माणसाची किडनी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब, आपल्या बंद मुठीएवढी. उजवी थोडी खाली, कारण तिच्यावर यकृत बसलेलं असतं. आतमध्ये प्रत्येकी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळण्या. गाळलेली लघवी आधी पेल्यासारख्या कॅलिक्समध्ये, तिथून नरसाळ्यासारख्या रीनल पेल्व्हिसमध्ये, आणि मग मूत्रवाहिनीत उतरते. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. ती नुसती नळी नाही, स्नायूंची आहे, आतड्यासारखी लाटा मारत लघवी खाली ढकलते. खडा अडकला की याच लाटा त्याच्यावर आदळतात, म्हणून कळ भरती-ओहोटीसारखी येते.

या नळीत तीन अरुंद जागा आहेत, आणि फाईलभर त्यांचीच आद्याक्षरं असतात. पहिली पीयूजे, म्हणजे नरसाळं संपून नळी सुरू होते तो सांधा. दुसरी जागा मूत्रवाहिनी कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथली. तिसरी व्हीयूजे, म्हणजे नळी मूत्राशयात शिरते तो सांधा. ही सगळ्यांत अरुंद. व्हीयूजेवरचा खडा मूत्राशयाला डिवचतो, दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं आणि चार थेंबच होतात. असा माणूस 'लघवीला जळजळ' म्हणून गावच्या दवाखान्यात आठ दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या खातो आणि खडा तसाच राहतो, असं वारंवार दिसतं.

लघवीचा रिपोर्ट दुसरा कागद. त्यात तीन ओळी बघायच्या. 'आरबीसी' म्हणजे लाल पेशी. खड्याने नळी खरवडली की त्या येतात, डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसली तरी. या प्रकाराला हिमॅच्युरिया म्हणतात. हिमा म्हणजे रक्त, युरिया हे शेपूट लघवीचं. लाल पेशी नाहीत म्हणजे खडा नाही, असं मात्र नाही. काही पेशंटांत खडा असूनही त्या सापडत नाहीत. 'पस सेल्स' म्हणजे पुवाच्या पेशी, पाचपर्यंत चालतात. 'प्लेंटी' किंवा 'फिल्ड विथ' लिहिलं असेल तर जंतुसंसर्गाचा संशय. तिसरी ओळ 'एपिथेलियल सेल्स'. त्या भरपूर असतील तर नमुना नीट घेतलेला नसतो, कातडीवरच्या पेशी त्यात आलेल्या असतात, आणि पस सेल्सचा आकडाही मग विश्वासाचा राहत नाही. आधी जागा पाण्याने धुवायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत धरायची. बाटली देणारा हे सांगतोच असं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

रक्ताच्या कागदावर क्रिएटिनीन. पुरुषांत साधारण ०.७ ते १.३, बायकांत थोडं कमी. हा आकडा नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. "किडनी चांगल्यात म्हणं दोन्ही." पण एक किडनी पूर्ण बंद असली तरी दुसरी धडधाकट असेल तर क्रिएटिनीन नॉर्मलच्या आसपास राहू शकतं. एका बैलाने गाडी ओढली म्हणून दुसरा लंगडा नाही असं ठरत नाही. बंद पडलेली बाजू सोनोग्राफीत दिसते, क्रिएटिनीनमध्ये नाही.

सोनोग्राफीला जाताना मूत्राशय भरलेलं लागतं. तासभर आधी पाऊण ते एक लिटर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. आवाजाच्या लहरी पाण्यातून सरळ जातात, हवेतून जात नाहीत; भरलेलं मूत्राशय खिडकीसारखं उघडतं आणि त्यातून व्हीयूजेवरचा खडा दिसतो. कळ चालू असेल, उलट्या होत असतील, तर हे जमत नाही, मग आधी कळ शांत करून थांबावं लागतं. याच्या विरुद्ध अडचणही होते. मूत्राशय फार तट्ट भरलं तर मागे किडनीतही थोडं पाणी साचल्यासारखं दिसतं, आणि रिपोर्टवर नसलेला अडथळा उमटतो. अशा वेळी लघवी करून परत बघतात. रिपोर्टवर 'पोस्ट व्हॉइड' असे शब्द दिसले तर तेच. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या वाताखाली झाकलेला असतो, तिथला खडा सोनोग्राफीत बऱ्याचदा सापडतच नाही. 'खडा दिसला नाही, पण हायड्रोनेफ्रोसिस आहे' असा रिपोर्ट असेल, तर त्याचा अर्थ खडा गेला असा घेऊ नये. गेला असेल, किंवा मधल्या पट्ट्यात दडून बसला असेल.

हा हायड्रोनेफ्रोसिस शब्द नीट उलगडून सांगितला पाहिजे, कारण त्याचं मराठी 'किडनीला सूज' असं करून टाकतात. हायड्रो म्हणजे पाणी, नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड. पाटात ढेकूळ अडकलं की मागचा वाफा तुंबतो, तसं किडनीत पाणी तुंबलेलं आहे. खरी सूज, म्हणजे दाह, असेल तर शब्दाच्या शेवटी 'आयटिस' येतं: नेफ्रायटिस, सिस्टायटिस, पायलोनेफ्रायटिस. सूज म्हटलं की घरचे सुजेची गोळी मागतात, आणि तुंबलेल्या वाफ्यावर गोळीचा काय उपयोग? ढेकूळ काढावं लागतं. तुंबणं नळीपर्यंत पसरलं असेल तर 'हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस' असं लांबलचक लिहितात. त्यात फक्त मध्ये युरेटर, म्हणजे मूत्रवाहिनी, घातलेली आहे. पुढे 'माइल्ड', 'मॉडरेट', 'ग्रॉस' हे तुंबण्याचं माप. 'सीएमडी मेंटेन्ड' लिहिलं असेल तर किडनीची बाहेरची साल आणि आतला गर अजून वेगवेगळे ओळखू येतात, हे चांगलं लक्षण. 'थिन्ड आउट पॅरेन्कायमा' वाचलं की मात्र थांबावं. तुंबून तुंबून किडनीचा गर पातळ झाला आहे, आणि हा खडा चार दिवसांचा नाही.

शंका राहिली की साधा सीटी. 'एनसीसीटी केयूबी' म्हणजे शिरेतून औषध न देता किडनी, युरेटर आणि ब्लॅडरचा सीटी. मुतखड्यासाठी याच्याइतकी खात्रीची दुसरी तपासणी नाही. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत, सीटीत तेही दिसतात. सीटीच्या कागदावर दोन आकडे वाचायचे. एक मिलिमीटरमधला आकार. दुसरा 'एचयू', म्हणजे हाउन्सफील्ड युनिट. सीटी घडवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, घनतेचं हे माप त्यांच्याच नावाचं. पाण्याची घनता शून्य. युरिक ॲसिडचा खडा साधारण ५०० च्या खाली राहतो आणि औषधाने विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा टणक खडा १००० च्या पुढे जातो. हजाराच्या पुढचा खडा बाहेरून लहरी मारून सहज फुटत नाही. सर्जननी तुमच्यासाठी एक रस्ता सोडून दुसरा का धरला, याचं उत्तर बऱ्याचदा या एका आकड्यात असतं.

आता निर्णय. नळीतला ४-५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो, ५ ते १० मधले निम्मेच पडतात, त्यापुढे आशा धरण्यात अर्थ नाही. थांबायचं ठरलं तर रात्री टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची गोळी देतात. ही गोळी नळीचा खालचा भाग सैल करते. तिने रक्तदाब किंचित उतरतो, म्हणून पहाटे झटकन उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते; आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावं. लघवी चहाच्या गाळणीतून किंवा दुहेरी गॉजमधून करायची आणि पडलेला खडा डबीत जपायचा. त्याची तपासणी झाली तर पुढचं पथ्य अंदाजाने नाही, नेमकं सांगता येतं. पण डबी आणणारे विरळा. "पडला की मोरीत, टक्कन वाजला," असं कौतुकाने सांगतात.

दुसरी फसगत या थांबण्याच्या काळातली. नळी पूर्ण बंद झाली की काही तासांनी, दिवसाने किडनीच माघार घेते. तिच्याकडे येणारं रक्त कमी होतं, गाळण मंदावते, दाब उतरतो, कळ थांबते. खडा जागेवरच असतो. माणूस मात्र "हुलग्याच्या काढ्यानं विरघळला" म्हणून गावभर सांगतो. काढ्याशी भांडण नाही, हुलगं चांगलं धान्य आहे. पण काढा घेतल्यावरही एकदा सोनोग्राफी करावी. पूर्ण अडथळा दोन आठवड्यांपुढे राहिला तर किडनीचं नुकसान कायमचं होण्याचा धोका चढत जातो. म्हणून थांबायची मुदत चार, फार तर सहा आठवडे, आणि तीसुद्धा मधे तपासण्या करत.

थांबायचं नाही अशी कारणं फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहायला हवीत असं आम्हांला नेहमी वाटतं. खड्याबरोबर हुडहुडी भरून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत आणि ते रक्तात शिरत आहेत. ही तासांची गोष्ट आहे, दिवसांची नाही. अशा वेळी खडा काढायच्या मागे लागत नाहीत. आधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे मऊ पोकळ नळी, घालून किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी घालून, म्हणजे पीसीएन करून, घाण बाहेर काढतात. खडा नंतर. "खडा ठेवूनच बाहेर आणलं" म्हणून नातेवाईक चिडतात, पण जंतूंनी भरलेल्या किडनीत पाण्याच्या दाबाने दुर्बीण चालवली तर तेच जंतू रक्तात ढकलले जातात. लघवी पूर्ण बंद होणं, एकच किडनी असणं, दोन्हीकडे खडे अडकणं, गर्भारपण, इंजेक्शनलाही न जुमानणारी कळ, ही बाकीची कारणं. यातलं काहीही असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नये.

शस्त्रक्रियांची नावं भयंकर दिसतात, पण शब्द सुटे केले की सोपी होतात. लिथ म्हणजे दगड, ट्रिप्सी म्हणजे चुरा, ओटॉमी म्हणजे छेद देणं, स्कोपी म्हणजे दुर्बिणीने बघणं. ईएसडब्ल्यूएल, शरीराबाहेरून लहरी मारून चुरा; माणसावर हा उपचार पहिल्यांदा १९८० साली म्युनिकमध्ये झाला. यूआरएसएल, लघवीच्या वाटेने मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून लेसरने चुरा. आरआयआरएस, तीच वाट पण वळणारी दुर्बीण, थेट किडनीपर्यंत. पीसीएनएल, पाठीतून छोट्या भोकाने किडनीत. २ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी. नळीतल्या खड्याला बहुतेक वेळा यूआरएसएल येते, म्हणून पुढचं तिच्याबद्दल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत करायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयातच जायचं, आणि दाखल होण्याआधी आरोग्यमित्राच्या टेबलावर. रेशनकार्ड, आधार, आणि खड्याचा आकार व जागा लिहिलेला रिपोर्ट. रेशनकार्डावर नाव 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असेल तर गाडी तिथंच अडते. हे कळ नसताना, घरी असतानाच निस्तरलेलं बरं. मंजुरी आली की भूलतज्ज्ञांची तपासणी, म्हणजे पीएसी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नाव आठवत नसलं तरी पाकीट घेऊन जायचं. ती बंद करायची की नाही, कधी करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं, आपल्या मनाने नाही. लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, ४८ ते ७२ तास घेतं. ते आल्याशिवाय घाई करू नये. जंतू निघाले तर आधी औषध, मग दुर्बीण. 'एनबीएम' म्हणजे तोंडाने काही नाही: घट्ट अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. चहा पाण्यात धरत नाहीत, कारण त्यात दूध असतं. सकाळी कुशीवर पेनाने बाण काढतात. डाव्याच्या जागी उजवा दिसला तर लाजायचं नाही, "सिस्टर, माझा डावा हाय," असं स्पष्ट सांगायचं. संमतीपत्रावर बाजू लिहिलेली असते, तीही वाचायची आणि मगच सही.

भूल बहुतेक वेळा कमरेतून. टाका कुठेच नसतो. मूत्रमार्गातून मूत्राशयात, तिथून व्हीयूजेच्या बारीक तोंडातून आधी गाइड वायर वर सरकवतात, मग तिच्या आधाराने दुर्बीण. समोर खडा आला की केसासारख्या बारीक फायबरमधून होल्मियम लेसर. कण चिमट्याने काढतात किंवा लघवीतून पडायला सोडतात. इथे दोन गोष्टी बिघडू शकतात आणि त्या आधी सांगितलेल्या असल्या तर नंतर भांडणं होत नाहीत. एक, खडा पाण्याच्या दाबाने मागे सरकून परत किडनीत जातो, मग वळणारी दुर्बीण किंवा दुसरी बैठक लागते. दोन, नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण शिरतच नाही. जोर लावला तर नळी फाटेल. शहाणा सर्जन तिथे थांबतो, स्टेंट ठेवतो आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतो. तोवर स्टेंटभोवती नळी आपोआप सैलावते. डिस्चार्ज कार्डावर तेव्हा 'डीजे स्टेंटिंग डन, यूआरएस डिफर्ड', म्हणजे स्टेंट घातला, दुर्बीण पुढे ढकलली, असं येतं, आणि घरचे म्हणतात ऑपरेशन फेल गेलं. फेल नाही, अर्धं झालं.

डीजे स्टेंट म्हणजे मऊ पोकळ नळी, दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखा गोल आकडा. एक आकडा किडनीत, दुसरा मूत्राशयात, म्हणून ती निसटत नाही. मोठ्या माणसाला बहुधा ५ किंवा ६ फ्रेंच जाडीची, २४ ते २६ सेंटीमीटर लांबीची. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे ६ फ्रेंच बरोबर २ मिलिमीटर. दुर्बिणीने सुजलेली नळी मिटून जाऊ नये आणि चुरा वाटेत अडकू नये म्हणून ती ठेवतात. ती असेपर्यंत लघवीला सारखं जावं लागतं, चालण्याने, एसटीच्या धक्क्यांनी, ओझं उचलण्याने लघवी गुलाबी होते, आणि लघवी करताना कुशीत चमक येते, कारण मूत्राशय आवळलं की थोडी लघवी नळीतून उलटी वर चढते. हे सगळं अपेक्षित. ताप, रक्ताच्या गाठी, लघवी तुंबणं हे अपेक्षित नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे: किती प्यायलात ते मोजू नका, लघवी किती झाली ते मोजा. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. ऊसतोडीला किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी असाल तर त्यासाठी चार लिटर पाणीही अपुरं पडेल. एका सुट्टीच्या दिवशी लिटरच्या बाटलीत मोजून बघितलं की अंदाज येतो. टोमॅटो, वांगी गावात उगीच बदनाम आहेत. पालक, अळू, बीट, बदाम यांत ऑक्झलेट खरोखर जास्त. पण दूध-दही बंद करणं ही मोठी चूक. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून विष्ठेतून बाहेर काढतं. दही बंद केलं की तेच ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. मीठ मात्र खरंच कमी करावं, कारण मिठामागोमाग कॅल्शियम लघवीत ओढलं जातं. खरडा, लोणचं, पापड यांची सोबत असलेली भाकरी इथली रोजची, त्यामुळे हे पथ्य सांगायला सोपं आणि पाळायला अवघड. लिंबूपाणी उपयोगी, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. फक्त त्यात चमचाभर मीठ टाकायचं नाही.

आता तिसरी फसगत. ऑपरेशन झालं, कळ गेली, टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. आठवड्याभरात लघवीची सवय होते, आणि आत स्टेंट आहे हेच विसरलं जातं. द्राक्षाची छाटणी येते, लगीनसराई येते, कारखान्याचा हंगाम लागतो. स्टेंट साधारण दोन ते चार आठवड्यांत काढायचा असतो. काही महिने आत राहिला की त्याच्यावरच क्षार बसतात आणि खडा काढायला घातलेल्या नळीचा खडा होतो. मग तो ओढून निघत नाही, ओढला तर तुटतो. बाहेरून लहरी, खालून लेसर, पाठीतून भोक, हे सगळं एका नळीसाठी करावं लागतं, आणि कधी कधी तोवर किडनी गेलेली असते. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की औषधांच्या यादीआधी 'डीजे स्टेंट इन सिटू' हे शब्द शोधावेत. इन सिटू म्हणजे जागेवर आहे. शेजारी काढायची तारीख नसेल तर खिडकीवरून हलायचं नाही, ती लिहून घ्यायची आणि घरात दोघांना सांगायची. एक पेशंट, दुसरं असं माणूस जे विसरत नाही; बहुतेक घरांत ती सून असते.

काढणं हे घालण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. मूत्रमार्गात लिग्नोकेनची जेली सोडतात, ती पाच-दहा मिनिटं राहू द्यायची, म्हणजे जागा बधिर होते. गडबडीत हीच मिनिटं खाल्ली जातात आणि मग दुखतं. सिस्टोस्कोप, म्हणजे मूत्राशयात बघायची दुर्बीण, आत जाते, चिमट्याने स्टेंटचं खालचं टोक धरतात, "खोकला बघू मामा," म्हणतात, आणि खोकल्याबरोबर नळी बाहेर. एक-दोन दिवस जळजळ, थोडी लाल लघवी. निघालेला स्टेंट ट्रेमध्ये दाखवायला सांगा, दोन्ही टोकांचे आकडे शाबूत आहेत का बघा, आणि फाईलवर 'स्टेंट रिमूव्ह्ड' तारखेसह लिहून घ्या. महिन्याने एक सोनोग्राफी राहते. तुंबलेलं पाणी उतरलं आहे का, एवढंच तीत बघायचं असतं, आणि तिचा कागद त्याच फाईलला, सगळ्यांत वर लावायचा.